मिरासदारांच्या वर्गातला मागचा बाक

‘शाळेने मला काय दिलं’ यावर चार शब्द लिहून पाठवा, असं स्मरणिकेच्या संपादक मंडळाचं पत्र आलं. शिस्त, संस्कार यांवर माझ्या वर्गमित्रांनी लिहिलं असेलच, आणि ते खोटंही नाही. मला मात्र शाळेने विनोदी कथाकार द. मा. मिरासदार दिले.

ऑफ तासाला मराठीचे सर वर्गावर आले की काखेत ग्रंथालयाचं पुस्तक आहे का, ते आम्ही आधी पाहायचो. सर वाचताना स्वतः अजिबात हसत नसत. ‘ड्रॉइंग मास्तरांचा तास’ वाचला त्या दिवशी शेजारच्या वर्गातून ‘आवाज कमी करा’ असा निरोप आला होता. तोवर आम्हाला भेटलेली धड्यांतली मुलं फार गुणी असायची. पहाटे उठायची, खरं बोलायची. मिरासदारांची मुलं थापा मारायची, मास्तरांना बोलण्यात गुंतवून तास काढायची आणि मार खाऊन पुन्हा तेच करायची. ही विद्या आमच्या तुकडीने शोधून काढली असा आमचा समज होता!

मिरासदारांचा जन्म 14 एप्रिल 1927 चा, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजचा. शाळा अकलूज आणि पंढरपूरला झाली. पुढे पुण्यात काही वर्षं पत्रकारी, 1952 पासून शाळेत मास्तरकी आणि 1961 पासून गरवारे महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक. म्हणजे मुक्काम पुण्यात; पण गोष्टीत पुन्हा पुन्हा येतात ती गावं, चावडी, पार आणि तालुक्याची शाळा. माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर, पट्टणकोडोलीचे शंकर पाटील आणि अकलूजचे मिरासदार, अशा तिघांनी गावोगाव कथाकथन केलं. कथा वाचायची असते तशी ऐकायचीही असते, ही गोडी महाराष्ट्राला लावण्यात या तिघांचा वाटा मोठा. ‘भुताचा जन्म’ मी पुढे ध्वनिफितीवर ऐकली. हशा पिकला तरी सांगणाऱ्याची लय जराही ढळत नाही. आमच्या सरांनी न हसण्याची युक्ती कुठून उचलली असावी, ते तेव्हा ध्यानात आलं.

मिरासदारांच्या विनोदात कोटी फारशी नसते, म्हणून त्यांचं एखादं वाक्य सुटं काढून सांगायला गेलं तर कुणी हसत नाही. सगळी करामत माणसाला बोलू देण्यात आहे. भोकरवाडीच्या गोष्टी घ्या. नाना चेंगट काहीतरी अचाट बातमी आणतो, बाबू पैलवानाला ती लगेच पटते, गणामास्तर, शिवा जमदाडे, रामा खरात त्यात आपापली भर घालतात. कुणीच मुद्दाम विनोद करत नाही; उलट प्रत्येकजण अतिशय गंभीर असतो. बेत ठरतो आणि त्यांच्याच अंगावर उलटतो. पुढच्या गोष्टीत मंडळी पुन्हा जमतातच! गावच्या माणसाला अडाणी ठरवून शहराला हसवणारे लेखकही मी वाचले आहेत. मिरासदार त्या वाटेला गेले नाहीत. त्यांचा लबाड माणूसदेखील आपल्या आळीतला वाटतो, आणि त्याच्यावर रागावता येत नाही.

मी स्वतः मास्तर झालो आणि तीच पुस्तकं वेगळी दिसायला लागली. विद्यार्थी असताना मी मुलांच्या बाजूने हसत होतो. आता ‘व्यंकूची शिकवणी’ वाचताना शिकवणाऱ्याचीच दया येते. फळ्याकडे तोंड केलं की पाठीमागे काय चालतं, याची इतकी पक्की खबर ठेवणारा हा लेखक स्वतः खडू हातात घेतलेला होता. हसायला त्याने आपलाच धंदा निवडला. ‘एक डाव भुताचा’ या चित्रपटात तर ते हेडमास्तर म्हणूनच उभे राहिले.

1998 मध्ये परळी वैजनाथच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. विनोदी लेखकाला आपल्याकडे गंभीर लेखकांच्या पंगतीत जरा उशिराच पाट मिळतो, हे माझं जुनं दुखणं आहे. 2 ऑक्टोबर 2021 रोजी ते गेले. त्यानंतरच्या पहिल्या तासाला वर्गावर धडा बाजूला ठेवून मी ‘माझ्या बापाची पेंड’ वाचायला घेतली. न हसता वाचायची असं ठरवलं होतं, पहिल्याच पानावर ते फसलं, आणि मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “सर, तुम्ही आधी हसून घ्या, मग वाचा.”