आमची वाटचाल: बामातून एकेक गोष्ट काढत गेलो त्याची

आमची फर्म म्हणजे दोन बायका, एक खोली, एक वजनकाटा, दोन थर्मामीटर आणि मेण वितळवायची भांडी. मी आणि माझी नणंद. आम्ही ओठांना लावायचा बाम बनवतो, दुसरं काहीच नाही. साबण का नाही, क्रीम का नाही असं बरेच जण विचारतात, त्याचं उत्तर द्यायचं तर मला माझ्या स्वतःच्या ओठांपासूनच सुरुवात करावी लागते.

कॉलेजपासून माझे ओठ सोलायचे. थंडीत सगळ्यांचे फुटतात तसे नाही, बारा महिने. सकाळी उठलं की खालच्या ओठावर पांढरट पापुद्रा, दुपारपर्यंत त्याची कड सुटायची, मग जीभ सारखी तिथेच जायची, मग दात, आणि एकदा का ती कड दातात सापडली की ओढल्याशिवाय चैन पडायची नाही. ओढलं की खाली लाल, ओलसर, चकचकीत कातडी, ती चुरचुरायची, संध्याकाळपर्यंत सुकून कडक व्हायची आणि रात्री परत साल तयार. ज्यांना हा त्रास आहे त्यांना एवढं वाचूनच कळलं असेल. बाकीचे सांगायचे की पाणी कमी पितेस. पाणी मी भरपूर प्यायचे.

घरगुती उपाय म्हणाल तर एकही सोडला नाही. मध लावून झोपले, साखर आणि तेल कालवून घासलं, लिंबू चोळलं, कोरफडीचा गर लावला, खोबरेल तेल तर दिवसातून दहा वेळा, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून जुन्या टूथब्रशने साल घासून काढली, तेव्हा दहा मिनिटं ओठ इतके मऊ लागले की वाटलं सापडलं आता औषध. दुसऱ्या दिवशी दुप्पट साल. लिंबू झोंबायचं तेव्हा मला वाटायचं झोंबतंय म्हणजे काम करतंय. आता कळतं की लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितका जास्त आंबट) साधारण 2 असतो आणि आपण तो उघड्या जखमेवर चोळत होतो, झोंबणार नाही तर काय होणार.

बाम बनवायला लागले ते यातूनच. मधमाशांचं मेण, शिया बटर (शिया झाडाच्या बियांतलं घट्ट तेल), तेल, एवढ्या साहित्यात घरी बाम होतो म्हणून केला. पहिल्या बॅचमध्ये मी मधही घातला होता कारण मध ओठांना चांगला असं डोक्यात पक्कं बसलेलं. डब्या भरल्या, गार झाल्या, सुंदर दिसत होत्या. आठवड्याने एक डबी बोटाने खरवडत तळाशी गेले तर खाली चिकट तपकिरी थेंब, मध सगळा खाली बसलेला. मेण आणि तेलात मध मिसळतच नाही, आणि त्यात पाणी असतं, त्यामुळे ज्या बामाला पाण्याचा अंश नसल्यामुळे वेगळं प्रिझर्वेटिव्ह लागत नाही त्यालाही मधामुळे बुरशीची भीती येते. ती अख्खी बॅच टाकून दिली. मधाबद्दल आणखी एक, तो लावायचाच असेल तर मोठ्यांनी लावा, एक वर्षाखालच्या बाळाच्या ओठांना अजिबात नको, बाळांना त्यातून बोट्युलिझमचा, म्हणजे एका जिवाणूमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा, धोका असतो, बोटाला लागलेला थेंबसुद्धा नको.

मग जमत गेलं. मेण साधारण 62 ते 64 अंशाला वितळतं, शिया बटर त्यापेक्षा खूप आधी, म्हणून आधी मेण आणि शेवटी शिया हे कळलं. शियाचं आणखी एक दुखणं आहे, बाम हळूहळू गार झाला तर आत बारीक रवा धरतो, ओठावर फिरवला की वाळू लागल्यासारखं वाटतं. बाम खराब झालेला नसतो पण सोललेल्या ओठाला तो रवासुद्धा टोचतो. आता ओतल्या ओतल्या डब्या गार करायला ठेवतो. ही एक गोष्ट नीट जमायला आम्हाला जितके महिने लागले तितके दुसऱ्या कशालाच लागले नाहीत.

धंदा वाढला तो मात्र वासांमुळे. पेपरमिंट आणि दालचिनी, हे आमचे दोन सगळ्यात जास्त खपणारे बाम. लावलं की गार लागतं किंवा हलकं चुरचुरतं आणि लोकांना वाटतं लगेच फरक पडला. पेपरमिंटमधलं मेंथॉल खरं म्हणजे ओठ गार करत नाही, गारवा ओळखणाऱ्या नसांना ते चाळवतं एवढंच. दालचिनीचं तेल तर सरळ आग करतं, थोडी सूज येऊन ओठ भरल्यासारखे दिसतात. आणि आम्ही अभिमानाने सांगत होतो की बघा कसं जाणवतं!

पहिला फोन आला तो एका बाईंचा. म्हणाल्या, ताई तुमचा बाम लावला की बरं वाटतं पण तासाभरात परत लावावा लागतो आणि आता तर कडेची कातडीही लाल झालीय. मी त्यांना सांगितलं, जास्त वेळा लावा. हे वाक्य मला आजही आठवतं आणि वाईट वाटतं. त्या बिचाऱ्यांनी जास्त वेळा लावला आणि त्रास वाढला. नंतर असे आणखी काही फोन आले, सगळे पेपरमिंट नाहीतर दालचिनीवाले, आणि इकडे माझे स्वतःचे ओठ, बामवालीचे ओठ, आधीपेक्षा वाईट. माणसांसमोर बोलताना तोंडावर हात जायला लागला.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी औषध लिहायच्या आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. टूथपेस्ट कुठली, माउथवॉश आहे का, लिपस्टिक, च्युइंगगम, तोंडाने श्वास घेता का, मुरमांच्या गोळ्या चालू आहेत का (त्यातलं आयसोट्रेटिनॉइन हे औषध घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे ओठ सुकतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं), व्हिटॅमिन ए जास्त घेता का. मग पॅच टेस्ट झाली, पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या बारीक बारीक पट्ट्या चिकटवतात, 48 तास पाणी लागू द्यायचं नाही, मग काढून बघतात आणि एकदोन दिवसांनी परत बघतात कारण ही अॅलर्जी उशिरा उमटते. माझ्या पाठीवर दोन चौकोन लाल झाले, एक सुगंधी द्रव्यांचा आणि एक दालचिनीतल्या घटकाचा. दालचिनी माझ्या टूथपेस्टमध्येही होती. म्हणजे सकाळ संध्याकाळ दात घासताना आणि दिवसभर बाम लावताना मी तोच घटक ओठांवर घेत होते, आणि त्यावर उपाय म्हणून आणखी लावत होते.

डॉक्टरांनी सांगितलेला उपाय इतका साधा की मला राग आला. सगळं बंद. बिनवासाची पांढरी पेट्रोलियम जेली तेवढी लावायची, जिचं पेटंट रॉबर्ट चेसब्रो यांनी 1872 साली घेतलं होतं. टूथपेस्ट बदलायची, फ्लेवर नसलेली किंवा अगदी सौम्य आणि फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली. जीभ लावायची नाही. साल ओढायची नाही. तीन आठवडे.

यात जीभ सगळ्यात अवघड. ओठांच्या लाल भागात घामाच्या ग्रंथी नसतात, तेलाच्या ग्रंथीही जवळजवळ नसतातच आणि वरचा थर अगदी पातळ, त्यामुळे ओठ स्वतःला तेल लावू शकत नाहीत. आपण जिभेनं ओले करतो, लाळ उडून जाते आणि जाताना होता तो ओलावाही घेऊन जाते, शिवाय लाळेत अन्न पचवणारे एन्झाइम असतात ते त्या सोललेल्या कातडीला आणखी चिडवतात. मी काय केलं तर जेलीची छोटी डबी सतत हातात ठेवली, जीभ बाहेर आली की लगेच जेली. पहिल्या आठवड्यात दिवसातून वीस पंचवीस वेळा तरी. साल सुटायला लागली आणि राहवेनाच तर कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं दोन मिनिटं ओठांवर नुसतं ठेवायचं, घासायचं नाही, आणि लोंबत असलेलं टोक बारीक कात्रीने कापायचं, ओढायचं नाही. लगेच वरून जाड थर. रात्री त्याहून जाड. नाक चोंदलं असेल तर आधी त्याचा उपाय करायचा कारण रात्रभर तोंडाने श्वास घेतला तर कुठलाच बाम टिकत नाही.

दहाव्या दिवशीपर्यंत काही फरक नव्हता, उलट वाईटच दिसत होतं, सगळे पापुद्रे एकदम सुटल्यासारखे. सोडून द्यायच्या बेतात होते. मग कधीतरी तिसऱ्या आठवड्यात दात घासून आरशात बघितलं आणि लक्षात आलं की सकाळपासून ओठांची आठवणच आली नाही.

त्याच आठवड्यात मी नणंदेला म्हटलं की पेपरमिंट आणि दालचिनी बंद करूया. हिशेब ती बघते. ती म्हणाली, "वहिनी, ते दोन बंद म्हणजे निम्मा धंदा बंद." मी म्हटलं, "माहितीये." ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आल्या आल्या तिने स्वतः कपाटातल्या तेलाच्या बाटल्या काढून खोक्यात भरल्या आणि म्हणाली, "त्या पहिल्या फोनवाल्या बाईंचा नंबर आहे ना, त्यांना आधी सांग." सांगितलं. पुढचे काही महिने खूप ओढाताणीचे गेले, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून आमचा बाम बिनवासाचा, बिनचवीचा, बिनरंगाचा. मेण, शिया, तेल आणि तेल खवट होऊ नये म्हणून थोडंसं व्हिटॅमिन ई. पुढे कळलं की मधमाशांच्या मेणात प्रोपोलिसचा, म्हणजे मधमाशा पोळ्यात वापरतात त्या चिकट डिंकासारख्या पदार्थाचा, अंश असू शकतो आणि तो काही जणांना सोसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी कॅंडेलिला या वनस्पतीच्या मेणाचा वेगळा बाम केला. ते मेण जास्त तापमानाला वितळतं आणि जास्त कडक असतं म्हणून कमी घालावं लागतं, नाहीतर बाम पाटीसारखा होतो. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणासारखा पदार्थ, आम्ही घालत नाही, चांगलं असलं तरी अॅलर्जी असणारे असतात. कापूर, मेंथॉल, निलगिरी, सॅलिसिलिक अॅसिड यातलं काहीच नाही, अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजी ही त्वचेच्या डॉक्टरांची संघटनासुद्धा फुटलेल्या ओठांसाठी या गोष्टी टाळा असंच सांगते. 'नैसर्गिक' हा शब्द लेबलवरून काढला, दालचिनीही नैसर्गिकच होती.

डबीबरोबर एक चिठ्ठी देतो. त्यात पहिलंच वाक्य आहे की ओठ महिनोन्महिने सोलत असतील तर आमचाही बाम आत्ता लावू नका, आधी तीन आठवडे साधी पेट्रोलियम जेली लावून बघा. कारण आमच्यात चार गोष्टी आहेत, जेलीत एक. शांत झाल्यावर आमचा लावा, आधी कोपराच्या आतल्या बाजूला चारपाच दिवस लावून बघून मग ओठांना.

आणि काही ओठ घरी बरे होणारे नसतातच. तोंडाच्या कोपऱ्यात चिरा पडून पांढरट पिवळसर खपली धरत असेल तर ते बहुतेक वेळा यीस्टचं किंवा बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असतं, कधी मागे लोह किंवा बी गटातल्या व्हिटॅमिनची कमतरता असते, त्याला बाम काय करणार. तीन आठवडे सगळं बंद करूनही काहीच फरक नसेल, किंवा पाणीदार फोड येत असतील, तर डॉक्टर. एका काकांनी मला खालच्या ओठाचा फोटो पाठवला होता, सगळं आयुष्य उन्हात काम केलेले, एकाच जागी खरखरीत पांढरा डाग, कित्येक महिने तसाच, आणि म्हणाले सहा डब्या पाठव. मी पाठवल्या नाहीत. उन्हाने खराब झालेल्या ओठावरचा असा डाग पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो, म्हणून त्यांना म्हटलं काका आधी दाखवून या. नाराज झाले पण गेले, डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला, वेळेत उपचार झाले. आता ते एसपीएफ 30 वाला, म्हणजे उन्हापासून संरक्षण देणारा, लिप बाम वापरतात. तो आम्ही बनवत नाही, सनस्क्रीनची चाचणी हे आमच्या आवाक्यातलं काम नाही, त्यामुळे उन्हात काम करणाऱ्यांना आम्ही दुसरीकडचा घ्या असंच सांगतो, झिंक ऑक्साइडवाला आणि वास नसलेला बघून.

सध्या आम्ही डबीऐवजी ट्यूबचं करतोय. फुटलेल्या ओठाचं बोट डबीत, डबीतलं बोट परत ओठावर, हे मला पहिल्यापासून आवडत नव्हतं. ट्यूबमधून यायला बाम मऊ हवा आणि मऊ केला की गरमीत तेल सुटतं, आत्तापर्यंत अकरा बॅच झाल्यात, बारावी आज सकाळी ओतलीय.