द्यूत आमच्या ओटीवर झालं

दुपारची जेवणं आटोपून एक जाडजूड रशियन कादंबरी पोटावर घेऊन पडले होते. मराठी अनुवाद, बारीक टाइप, दर पानावर एक नवं नाव आणि प्रत्येक नावाला आणखी दोन नावं. बाहेर बर्फ पडत होता, हवेलीत सगळे झोपले होते आणि जमीनदारीणबाई हातात मेणबत्ती घेऊन जिना चढायला लागल्या. पहिली पायरी, दुसरी पायरी, आणि मी मनात म्हटलं, आता वाजणार. तिसरी ढिली आहे ना.

लेखकानं त्या जिन्याबद्दल अवाक्षर काढलेलं नव्हतं. ढिली पायरी होती ती आमच्या आजोळच्या माळ्याच्या जिन्याची, रत्नागिरीकडच्या कौलारू घरातली. बाई रेशमी झगा सावरत जिथे निघाल्या होत्या तिथे वर पेंढ्यात हापूसची अढी घातलेली असायची. बाहेर बर्फ आणि वर पिकत आलेल्या आंब्यांचा घमघमाट.

पुस्तक मिटलं आणि पडल्यापडल्या जरा आठवून पाहिलं, तर एकेक भलतंच निघत गेलं. द्यूत आमच्या ओटीवर झालं. ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. धर्मराज खांबाला टेकून बसला होता, शकुनी झोपाळ्याच्या अंगाला, आणि भीष्म आजोबांच्या आरामखुर्चीत, कारण घरात दुसरी खुर्चीच नव्हती. द्रौपदीला आणायला दुःशासन आत गेला तो माजघराचा उंच उंबरठा ओलांडून. अशोकवन म्हणजे खालचं आगर. सीतामाई पोफळीखाली कपडे धुवायच्या दगडावर बसून असत. पॅरिसचा खवळलेला जमाव पाखाडी चढून वर आला. इंग्रजी रहस्यकथांत मुडदा हटकून लायब्ररीत सापडतो. आमच्याकडे लायब्ररी नव्हती, तेव्हा तो बाळंतिणीच्या खोलीत. खुनी दर वेळी मागच्या दारानं, न्हाणीवरून आत शिरतो. इतकी वर्षं त्याच दारानं येतोय, पण एकाही इन्स्पेक्टरच्या ते लक्षात आलेलं नाही.

गावात उत्सवाला नाटक व्हायचं तेव्हा मंडळाकडेसुद्धा तीन पडदे असत: राजवाडा, जंगल आणि रस्ता. माझ्याकडे एकच.

बरं, ते घर काही माझं राहतं घर नव्हे. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं आणि पहिल्या पावसाला परत फिरायचं. त्याआधी आणि त्यानंतर मी पुण्यातच आहे. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या, मग भाड्याची बिऱ्हाडं, मग कोथरूडचा फ्लॅट. सगळं आयुष्य तिथे गेलं, पण आजवर एकाही राजाला कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राज्य करता आलेलं नाही.

त्या एका महिन्यात असं काय होत असेल? मला वाटतं, अंधार होत असे. मे संपत आला की संध्याकाळी ढग यायचे, वीज चमकायची आणि दिवे जायचे. दिवे गेले की ओटीवर आम्हा मुलांचा एकच खेळ. एकानं ओटीवरून निघायचं, सबंध घर ओलांडून मागच्या न्हाणीत जायचं आणि तिथल्या तांब्याच्या हंड्यावर टिचकी मारायची. तो आवाज ओटीवर ऐकू आला तरच गेल्याचं मान्य. बॅटरी न्यायची नाही, आणि भिंतीला हात लावायचा नाही. हा दुसरा नियम थोरल्या मावसभावानं काढला होता, आणि स्वतः मात्र तो भिंत चाचपतच जायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तर निघायचं. पायाखाली ओटीची गार फरशी. मग उंबरठा, तो पायाच्या अंगठ्यानं शोधायचा. पुढे माजघर, सारवलेली जमीन, आवाज न करणारी. उजवीकडून आमसुलांच्या बरणीचा आंबट वास आला की कोठीची खोली मागे पडली. मग डाव्या गालाला चुलीची ऊब. विझलेली असली तरी असायचीच. तिथून एक पायरी खाली, आणि ती उतरताना पोटात जे व्हायचं ते अजून होतं. खाली मागच्या पडवीचा ओला, खरबरीत जांभा. मग हंडा. टिचकी. आणि परत येताना धावत, कारण पाठीमागे काय असेल ते सांगता येत नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेली आजी हा खेळ दिवसरात्र खेळत असायची, फक्त त्याला खेळ म्हणतात हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. वाटी, तांब्या, देवाची निरांजनं, सगळं तिच्या हाताला बरोबर लागायचं. एकदा मामानं माजघरातली घडवंची वीतभर सरकवली आणि आजीची नडगी सडकून निघाली. त्या दिवशी तिनं अख्ख्या घराचा जो उद्धार केला तो ऐकून वाटावं, कुणी घडवंची नव्हे तर डोंगरच हलवला.

आता ह्या प्रकरणात उंदीर येतात. लंडनमध्ये जॉन ओकीफ नावाचे शास्त्रज्ञ उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवून, हिंडता हिंडता आत काय चालतं ते ऐकत असत. १९७१मध्ये त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं जाहीर केलं की हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात काही पेशी अशा आहेत, की उंदीर एका ठरावीक जागी आला की तेवढ्यापुरत्या बोलतात. तिथून हलला की ती पेशी गप्प, आणि पुढच्या जागेची दुसरी सुरू. मग २००५मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमला मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर ह्या जोडप्याच्या प्रयोगशाळेत शेजारच्याच एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये आणखी एक जात सापडली. ह्यांतली प्रत्येक पेशी बऱ्याच जागी बोलते, आणि त्या जागा जोडल्या तर जमिनीवर षटकोनांची सुबक जाळी उमटते. २०१४चं नोबेल तिघांना वाटून मिळालं. उंदरांना काय मिळालं कोण जाणे.

वाचून मी खूश झाले. म्हणजे माझ्याही डोक्यात कुठेतरी आमसुलाच्या बरणीपाशी बोलणाऱ्या पेशी असणार, हंड्यापाशी बोलणाऱ्या असणार. पण पुढे वाचलं आणि अडले. उंदराला दुसऱ्या पेटीत सोडलं, की म्हणे त्याच पेशी नव्यानं जागा वाटून घेतात. इथे कोपरा सांभाळणारी तिथे मधला भाग सांभाळते, एखादी तिथे गप्पच बसते. म्हणजे मूठभर पेशींत घरं कितीही मावतात. मग माझ्या मेंदूला रशियात एक वेगळा जिना बांधायला काय हरकत होती?

थोडंसं उत्तर पुन्हा लंडनमध्येच मिळतं. डेमिस हसाबिस, एलेनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या, आठवणी गमावलेल्या रुग्णांना सांगितलं, तुम्ही एका सुंदर समुद्रकिनाऱ्यावर पडला आहात, काय काय दिसतंय ते सांगा. बहुतेकांना किनारा उभाच करता येईना. सुटे तुकडे येत, पण त्यांची मिळून जागा होत नसे. हे २००७मधलं. म्हणजे मागचं आठवणं आणि नवं कल्पणं ही दोन्ही कामं एकाच कारखान्यात चालतात, आणि कल्पनेतल्या बाईंना जिना हवा असेल तर लाकूड जुनंच वापरावं लागतं. हेच हसाबिस पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेत गेले आणि २०२४मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलाचे वाटेकरी झाले. माझा जिना तेवढा अर्धवट राहिला.

घर आता नाही. मामानं विकलं, घेणाऱ्यानं पाडून स्लॅबचं बांधलं. सामानाची वाटणी झाली तेव्हा मी हट्टानं झोपाळ्याच्या पितळी कड्या मागून आणल्या. कोथरूडच्या हॉलमध्ये त्या लावल्या, चिंचेनं घासल्या, आल्यागेल्यांनी कौतुक केलं. पण त्या कड्या मला काही म्हणजे काही सांगत नाहीत. शकुनी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. मला वाटायचं, माझंच मन कोडगं झालं. मग कळलं की दृश्यांकडे, खोल्यांकडे, रस्त्यांकडे खास लक्ष देणारा एक भाग मेंदूत असतो. रसेल एपस्टीन आणि नॅन्सी कॅनविशर ह्यांनी १९९८मध्ये तो दाखवला. सामानसुमान काढून घेतलेली रिकामी खोली दाखवली तरी तो भाग तितकाच जागा होतो. उलट खोली काढून नुसतं सामान पांढऱ्या कागदावर मांडलं, तर त्याला फारसं सोयरसुतक नसतं. वाटणीच्या वेळी हे माहीत असतं तर कड्या मावशीला दिल्या असत्या. तिला हव्याही होत्या.

आजी शेवटची वर्षं डोंबिवलीला मामाकडे होती. तिच्या आधी वाटा गेल्या, मग माणसं. अल्झायमरच्या आजारात पहिला घाव बहुधा त्या एन्टोरायनल कॉर्टेक्सच्या आसपासच बसतो, मोझर जोडप्याला जाळी सापडली तिथे. रात्री उठून आजी न्हाणीकडे निघायची. पलंगावरून उतरून सरळ, मग डावीकडे, मग पायरी उतरायला पाय खाली टाकायची, आणि तिथे पायरी नसायची. शेवटी मामीनं त्या जागी जाड सतरंजी अंथरून ठेवली. कुणी म्हणालं, त्यांना समजावून सांग, हे डोंबिवलीचं घर आहे. मामी म्हणाली, "त्या डोंबिवलीत आल्याच नाहीत, मी कुणाला समजावू?"

अमेरिकेत हेन्री मोलेसन म्हणून एक गृहस्थ होते. फेफरं थांबावं म्हणून १९५३मध्ये त्यांच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकला, आणि त्यानंतर नवी आठवण म्हणून टिकेना. वर्षानुवर्षं येणाऱ्या डॉक्टरीणबाईंची दर वेळी नव्यानं ओळख. पण ह्या शस्त्रक्रियेनंतर ज्या घरात ते राहायला गेले, त्या घराचा नकाशा त्यांनी कागदावर बरोबर काढून दाखवला. रोजच्या रोज त्याच खोल्यांतून चालून चालून तेवढं कुठेतरी बसलं असावं. आजीला डोंबिवलीत तेवढाही वेळ मिळाला नाही.

हे सगळं मी लेकीला ऐकवलं, आजीचं सोडून. ती माझ्याहून जास्त वाचते. मला उत्सुकता अशी, की जन्मापासून फ्लॅटमध्ये वाढलेल्या ह्या मुलीचे राजेरजवाडे राहतात कुठे?

"तुझ्या गोष्टी कुठे घडतात गं?"

"कुठे म्हणजे? पुस्तकात."

"तसं नव्हे. वाचताना डोळ्यांसमोर कुठली जागा येते?"

"कुठलीच नाही. मला काही दिसत नाही. नुसतं कळतं."

मी उठून बसले. म्हटलं, जिना म्हटलं तर जिना दिसत नाही? तर म्हणाली, जिना आहे हे कळलं की झालं, तो दिसायला कशाला हवा? मला वाटलं थट्टा करतेय, पण अशी माणसं असतात. ॲडम झीमन ह्या मेंदूतज्ज्ञानं २०१५मध्ये ह्या प्रकाराला अफँटेझिया असं नावसुद्धा देऊन ठेवलंय. वर अशा लोकांना फोटोतल्या खोल्या आठवून काढायला सांगितल्या, तर वस्तू कमी काढतात, पण ज्या काढतात त्या अगदी जागच्या जागी. हे मात्र पटलं. मॉलच्या तळघरात गाडी कुठे लावलीय हे आमच्या घरात फक्त तिलाच ठाऊक असतं.

"अगं, मग वाचण्यात मजा काय?"

"गोष्ट कळते की. तुझ्यासारखं मध्येच उठून घर झाडत बसावं लागत नाही."

मी म्हटलं, बरं, ते राहू दे. द्यूताचा प्रसंग पहिल्यांदा वाचलास तेव्हा काय झालं?

"राग आला," ती म्हणाली. "तुला नाही आला?"