कापूस, आग आणि ब्लोहोल

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत कास्टिंग, म्हणजे वाळूच्या साच्यात धातू ओतून केलेला भाग, रिजेक्ट झालं की एक फॉर्म भरावा लागतो. त्यात ‘कारण’ असा रकाना आहे. मी क्वालिटीला असल्यामुळे तो माझ्या गळ्यात, आणि पावसाळ्यात तिथं बहुतेक वेळा दोनच शब्द पडतात: वाळू ओली.

ॲरिस्टॉटलनं (इ.स.पू. 384–322) एवढ्यावर सही केली नसती. त्याच्या मते ‘का’ला चार उत्तरं असतात: वस्तू कशाची, आकार कोणता, घडवली कोणी, कशासाठी. उदाहरण त्यानं आमच्याच धंद्यातलं घेतलंय, कांशाचा पुतळा. पंपाची केसिंग घ्या: बीड (ओतीव लोखंड), पॅटर्नवरून, म्हणजे नमुन्यावरून, आलेला आकार, ओतणारा मोल्डर आणि पाणी उपसणं. आमच्या फॉर्मला यातल्या तिसऱ्याशीच मतलब, तेही पगार कापायचा असला तर.

हे सगळं नवव्या शतकात बगदादमध्ये अरबीत आलं. हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती वैद्यानं आणि त्याच्या गोतावळ्यानं ग्रीक ग्रंथांची ढीगभर भाषांतरं केली. पुढं इब्न सिना या वैद्य-तत्त्वज्ञानं (980–1037) ॲरिस्टॉटलचं ‘मेटाफिजिक्स’ चाळीस वेळा वाचलं, पाठ झालं, पण कळेना. शेवटी बाजारात एका विक्रेत्यानं गळ घालून अल-फाराबी या तत्त्वज्ञाचं त्यावरचं छोटं पुस्तक तीन दिरहमला त्याच्या माथी मारलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. हे वाचून मला फार बरं वाटलं, का ते सांगायला नको.

पण मला खरा भिडला तो अल-गझाली (1058–1111). बगदादच्या निझामिया मदरशात शिकवणारा बडा माणूस. ‘तहाफुत अल-फलासिफा’मध्ये (‘तत्त्वज्ञांची विसंगती’) त्यानं ॲरिस्टॉटलच्या वाटेनं जाणाऱ्या या तत्त्वज्ञांना धारेवर धरलं. सतराव्या चर्चेत तो विचारतो, कापसाला आग लागली आणि कापूस जळला, यात तुम्ही पाहिलं काय? आग टेकल्यावर जळणं दिसलं. आगीमुळे जळणं कुठं दिसलं? जाळणारा देव आहे, आग नव्हे, हे त्याचं उत्तर. त्या उत्तराशी मला घेणं नाही, प्रश्न मात्र सुटत नाही.

तिथंच तो एका जन्मांधाची गोष्ट सांगतो. दिवस-रात्र म्हणजे काय हेच न ऐकलेला माणूस. डोळ्यांवरचा पडदा भरदिवसा दूर होतो, रंग दिसतात. त्याला वाटतं, डोळा उघडला म्हणून दिसलं. सूर्य मावळल्यावर कळतं की यात उजेडाचाही हात होता.

मागच्या आषाढात ब्लोहोलनं, म्हणजे कास्टिंगच्या पोटात गॅसनं पडणाऱ्या पोकळ्यांनी, वीट आणला होता. मिस्त्रीमामा म्हणाले, “वाळूच ओली हाय बघा सर, दुसरं काय असतंय?” वाळू तपासली तर ओलावा मापात. मग कोअर, म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी राखायला साच्यात बसवायचे वाळूचे ठोकळे, बघितले. सिलिकेटनं बांधलेले कोअर करून शेडच्या उघड्या बाजूला ठेवले होते, हवेतली ओल पिऊन बसलेले. उन्हाळ्यात ते तिथंच असायचे, पण हवा कोरडी, म्हणून कुणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं. आता ओतायच्या आधी भट्टीजवळच्या रॅकवर ठेवतो, आणि ब्लोहोल आटोक्यात आहेत.

मामांना जेवताना कापसाची गोष्ट सांगितली. डब्यातली भाकरी मोडत ते म्हणाले, “मग आग लागली तर इन्शुरन्सवाल्याला काय सांगायचं, देवानं लावली म्हणून?”

इब्न रुश्दचा (1126–1198) आक्षेप साधारण याच वाटेनं जातो. कॉर्डोब्याचा हा काझी गझालीला उत्तर म्हणून लिहिलेल्या ‘तहाफुत अल-तहाफुत’मध्ये (‘विसंगतीची विसंगती’) म्हणतो, कारणं नाकारली की बुद्धीच नाकारली, कारण जाणणं म्हणजे कारणासकट जाणणं. काझीच तो, कारणं नाकारून निवाडा कसा देणार?

माझं मत इब्न रुश्दकडे झुकतं. कारणच नसेल तर मी कोअर हलवले कशाच्या भरवशावर? गझालीला ही अडचण ठाऊक होती. घरी ठेवलेल्या पुस्तकाचा घोडा झाला असेल, असं मग का मानू नये, हा टोला तो स्वतःच विरोधकांच्या तोंडी घालतो. त्याचं उत्तर असं, की तसं होत नसतं हे ज्ञान देवानंच आपल्या मनात घातलंय. इथं तो निसटतो असं मला वाटतं. त्या ज्ञानावर विसंबायचं असेल तर त्यानं आणि मामांनी एकाच फॉर्मवर सही करायला हरकत नाही.