बडोद्याच्या वासणा-भायली रोडवरच्या चोऱ्या: ग्रुपवरच्या आणि दुकानातल्या

रात्री साडेअकराला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक धूसर व्हिडिओ येतो. चड्डी-बनियन घातलेली चार माणसं कुठल्यातरी बंगल्याच्या कंपाउंडवरून आत उतरतायत. खाली ओळ: ‘आपल्याच एरियातलं आहे, सावध राहा.’ कुठल्या एरियातलं, कुठल्या तारखेचं, काही पत्ता नाही. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात तारीख असते, नेमकी तीच कापलेली असते. सकाळपर्यंत तो व्हिडिओ गोत्रीतही ‘आपल्याच एरियातला’ होतो, अकोट्यातही होतो, आणि दुसऱ्या दिवशी वॉचमन भाजीवाल्याची लारी गेटबाहेर थांबवतो.

त्याच संध्याकाळी त्याच रोडवरच्या एखाद्या मोठ्या किराणा-कॉस्मेटिकच्या दुकानातून रेझर कार्ट्रिजचं एक पाकीट, एक फेसक्रीम आणि अर्धा किलो बदाम गेलेले असतात. त्याचा व्हिडिओ कुणी टाकत नाही, कारण दुकानदाराला अजून ते कळलेलंच नसतं. कळेल मार्चअखेरीस, तेही ‘तूट’ एवढंच. बडोद्याच्या या पैसेवाल्या पश्चिम भागात भीती एका दारावर उभी असते आणि नुकसान दुसऱ्याच दारातून जात असतं. दुकानापुरतं तरी ते मोजून दाखवता येतं.

आधी पोलिसांच्या आकड्यांचं बघू, कारण एरिया सेफ आहे की नाही हा वाद तिथेच अडतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरी कलम ३०३ मध्ये येते, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. फौजदारी प्रक्रिया ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत हा प्रकार अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे ठाण्यात फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहिली जाते, आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ३८० रुपयांच्या क्रीमसाठी गल्ला सोडून ठाण्यात कोण जाऊन बसणार? कुणी जात नाही. त्यामुळे ‘पोलिसांकडे काही नाही, म्हणजे एरिया सेफ आहे’ म्हणणाराही हवेत बोलतो आणि ‘चोऱ्या फार वाढल्यात’ म्हणणाराही.

दुकानदार गप्प बसण्याची आणखी दोन कारणं आहेत, आणि ती ग्राहकांना सहसा माहीत नसतात. एक, जीएसटी. चोरीला गेलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करावं लागतं, केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(h). वहीत ‘चोरी’ लिहिलं की माल गेला तो गेलाच, वर कराचं क्रेडिटही जातं. दोन, विमा. दुकानाच्या घरफोडी विम्यात साधारणपणे कुलूप तोडून, जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा लागतात. मोजणीत निघालेली तूट त्यात बसत नाही.

आता हिशेब. समजा वर्षाच्या सुरुवातीचा साठा खरेदी किमतीने १२,००,००० रुपये. वर्षभरात आवक ८,५०,०००. विक्री, तीही खरेदी किमतीने धरून, ७,८०,०००. वहीप्रमाणे उरायला हवेत १२,७०,०००. प्रत्यक्ष मोजणीत निघाले १२,५५,०००. तूट १५,०००, म्हणजे विक्रीच्या १.९ टक्के. पुष्कळ जण इथे विक्री एमआरपीने आणि साठा खरेदी किमतीने धरतात आणि मग वहीतला साठा खोटाच कमी दिसतो, खरी तूट झाकली जाते. निम्मे ‘चोर’ या एका चुकीतच लपून जातात.

हे १५,००० गेले कुठे, हा खरा प्रश्न. मुदत संपलेला माल रॅकवरून काढून कोपऱ्यातल्या खोक्यात टाकला, पण कॉम्प्युटरमधून काढलाच नाही, असं सर्रास होतं. कंपनीच्या ‘दहावर एक फ्री’ स्कीममधलं अकरावं पाकीट आवकेत चढलं, पण टेम्पोतून उतरलंच नाही. चलानावर सही करणारा पोरगा खोकी मोजतो, आतले नग मोजत नाही. सुट्या मालाची गोष्ट वेगळी. गूळ, खजूर, शेंगदाणे पोत्यातून काढून पाकिटं भरताना ओल उडते, थोडं सांडतं आणि काट्यावर प्रत्येक पाकिटात पाच-दहा ग्रॅम जास्त जातं. ५०० ग्रॅमच्या पाकिटात १० ग्रॅम जास्त गेले की तिथेच २ टक्के गेले, कुणी हात न लावता.

मग उरतं ते हातांचं. गिऱ्हाइकाचे हात आणि दुकानातल्या माणसांचे, दोन्ही.

गिऱ्हाइकाच्या हाताने काय जातं? लहान, महाग आणि घरात लगेच वापरता येईल असं: रेझर कार्ट्रिज, डिओ, लिपस्टिक, फेसक्रीम, इम्पोर्टेड चॉकलेट, केशर, बदाम-पिस्ते, बाळाच्या दुधाचे डबे. ही यादी भुकेल्या माणसाची नाही, हे उघड आहे. तरी दुकानातला पोरगा मागे मागे फिरतो तो कामवाल्या बाईच्या किंवा साइटवरच्या मजुराच्या. ती बाई दहा मिनिटांत साबण-तेल घेऊन जाते आणि तेवढा वेळ कॉस्मेटिकच्या गल्लीत कुणाचंच लक्ष नसतं. पर्स खांद्यावर, मोबाइल कानाला, ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात स्वेटर टाकलेला, अशा गिऱ्हाइकाला विचारायची हिंमत होत नाही, कारण ती याच रोडवरच्या बंगल्यात राहते आणि महिन्याला बारा-पंधरा हजारांचा माल नेते. नजर ठेवायची तर माणसावर नाही, रॅकवर ठेवावी.

तीन प्रकार पुन्हा पुन्हा सापडतात. चॉकलेटचा डबा रॅकवरच राहतो, आतलं गायब. म्हणून भारी डबे काउंटरमागे ठेवावेत किंवा रॅकवर रिकामा नमुना ठेवून माल आतून द्यावा. दुसरा, स्टिकरची अदलाबदल. स्वतः भरून वजन करायच्या विभागात पिशवीत बदाम आणि वर शेंगदाण्याचं स्टिकर. बिलिंगवाल्याच्या स्क्रीनवर ‘शेंगदाणा ४८० ग्रॅम’ येतं आणि तो पिशवीकडे न बघता पुढे सरकवतो. उपाय सोपा: सुका मेवा वजन करणारा माणूस दुकानाचा हवा. तिसरा, ट्रॉलीचा तळ. पाच लिटरचा तेलाचा डबा खाली राहिला तर तो चोरीही असू शकतो, विसरभोळेपणाही, म्हणून बिलिंगवाल्याने प्रत्येक ट्रॉली आपल्याकडे ओढून रिकामी करायची, ठरलेली सवय म्हणून, संशय म्हणून नाही.

कपड्याच्या दुकानात नवरात्रीआधीचे पंधरा दिवस सर्वांत वाईट. चणियाचोळी, ओढणी, कंबरपट्टा असे सुटे नग एकत्र ट्रायल रूममध्ये जातात आणि ओढणी बाहेर येत नाही. एका वेळी तीनच सेट, नगांचा आकडा लिहिलेलं टोकन आणि परत येताना हँगर नाही, नग मोजायचे.

बिल न होता माल बाहेर निघाला की दारातले खांब वाजवणाऱ्या टॅगांबद्दल गैरसमज फार. बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात, ८.२ मेगाहर्ट्‌झवर चालणारी आरएफ आणि ५८ किलोहर्ट्‌झवर चालणारी एएम. आरएफचं कागदी लेबल स्वस्त, पण पत्र्याच्या डब्यावर किंवा चमकदार फॉइलच्या पाकिटावर लावलं की ते निकामी. म्हणजे तुपाच्या डब्याला ते लावणं पैसे पाण्यात. एएम धातूजवळ बरं चालतं, पण महाग पडतं. आणि खांब विनाकारण वाजायला लागले की समजा, लेबल लावलेला माल कुणीतरी खांबाला खेटून मांडलाय, शेजारी एखादा एलईडी बोर्ड किंवा यूपीएस गोंधळ घालतोय, नाहीतर बिलिंगवाला लेबल बंद करायला विसरतोय. दिवसातून दहा वेळा खोटं वाजलं की अकराव्या वेळी खरं वाजतं तेव्हा वॉचमन हाताने ‘जा, जा’ करतो.

कॅमेऱ्यांचा हिशेबही एकदा करून ठेवावा. १०८० पिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट) दिवसाला साधारण २१.६ जीबी खातो. आठ कॅमेरे म्हणजे १७३ जीबी, ४ टीबीच्या डिस्कवर जेमतेम तेवीस दिवस. बसवणाऱ्याने ४ एमबीपीएस ठेवलं असेल तर अकरा-बारा दिवस. मग मार्चअखेरीस निघालेल्या तुटीसाठी कॅमेरे बघायचे कसे? ते रेकॉर्डिंग केव्हाच पुसलं गेलेलं असतं. दुसरी चूक काचेच्या दाराची. दारासमोर लावलेल्या साध्या कॅमेऱ्यात दुपारच्या उन्हामुळे येणारा प्रत्येक माणूस काळी सावली होतो. तिथे डब्ल्यूडीआर (ऊन आणि सावली दोन्ही सांभाळणारी सोय) असलेला कॅमेरा हवा, चेहऱ्याच्या थोडा वर, छताला चिकटवलेला नको. छतावरून टक्कल दिसतं, चेहरा नाही. आणि डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं, घड्याळ महिन्यातून एकदा मोबाइलशी लावून बघावं. बिल ७.४२ चं आणि कॅमेऱ्यात ७.२९, तर कोणतं बिल कोणाचं ते जुळवताच येत नाही.

पुरावा ठाण्यात द्यायचा असेल तर मोबाइलने स्क्रीनचा व्हिडिओ काढून चालत नाही. डीव्हीआरमधून मूळ फाइल काढा, घड्याळात फरक असेल तर तो लिहून ठेवा, फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) काढा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग: एक यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा.

दारात कुणाला थांबवायचं झालं तर जपून. खासगी माणसाला पकडण्याचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे. पण तो डोळ्यांदेखत घडलेल्या, अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्ह्यापुरता किंवा घोषित फरारी गुन्हेगारापुरता आहे, आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचं असतं. पाच हजारांखालची पहिलीच चोरी त्यात बसत नाही, आणि समोरच्याचा इतिहास काउंटरवर कुणाला ठाऊक असतो? त्याला मागच्या गोडाऊनमध्ये बसवून ठेवलं तर न्याय संहितेच्या कलम १२७ खाली बेकायदा कोंडून ठेवल्याचा गुन्हा आपल्यावरच येतो. पर्स झडतीचा अधिकार दुकानाला नाही. फोटो ग्रुपवर टाकला तर बदनामीचं कलम ३५६ आहे. मूल असेल तर त्याची ओळख उघड केल्याबद्दल बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शाळेच्या युनिफॉर्ममधल्या मुलांचे फोटो ‘यांना ओळखा’ म्हणून फिरवणाऱ्यांनी हे वाचावं.

त्यापेक्षा एक वाक्य खूप काम करतं. रॅकजवळच, वस्तू पर्समध्ये गेल्याबरोबर, हसून: ‘मासी, आ बिलमां लई लऊं?’ मराठी काकू असतील तर ‘काकू, हे बिलात घेऊ ना?’ दहापैकी आठ वेळा ‘अगं हो, विसरलेच’ म्हणत वस्तू बाहेर येते. विसरली असो वा नसो, माल परत आला, आरडाओरडा झाला नाही आणि त्या काकू पुढे या दुकानात पर्सची चेन लावून फिरतात.

दुकानातल्या माणसांच्या हातांचं मोजणं त्याहून सोपं आहे, फक्त कुणी करत नाही. रोज रात्री तीन रिपोर्ट काढा: रद्द केलेली बिलं, ‘होल्ड’वर ठेवून सोडलेली बिलं आणि परतावे. गिऱ्हाइकाने रोख दिले, ते खिशात गेले, बिल रद्द झालं, माल गेला, गल्ला मात्र जुळतोय, ही नेहमीची वाट. रद्द करायला मालकाचा पिन ठेवला की ती बंद होते. कचऱ्याच्या पिशव्या पारदर्शक घ्या आणि बाहेर नेताना दोघं जण असू द्या. नोकराने केलेल्या चोरीला न्याय संहितेचं कलम ३०६ आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण नुसत्या संशयावर ते वापरण्याआधी मोजणी हवी.

मोजणी म्हणजे वर्षातून एकदा शटर पाडून करायची जत्रा नव्हे. सर्वांत जास्त जाणाऱ्या वीस वस्तू निवडा आणि सोमवारी-गुरुवारी दुकान उघडण्याआधी तेवढ्याच मोजा. पंधरा मिनिटं लागतात. तूट दिसली तर मागच्या तीन-चार दिवसांचंच रेकॉर्डिंग बघायचं, आणि ते अजून डिस्कवर असतं. वस्तू बिलिंगवाल्याने मोजू नयेत, आणि मोजणाऱ्याला वहीतला आकडा आधी सांगू नये. सांगितला की तोच आकडा निघतो.

एक लिटर तुपाची बरणी घ्या. सोमवारी १२ होत्या, मंगळवारी टेम्पोतून २४ आल्या, बिलांत १९ गेल्या. गुरुवारी १७ हव्यात, निघाल्या १४. तीन बरण्या, जवळजवळ दोन हजार रुपये, आणि दुकानातल्या प्रत्येकाला लगेच एक चेहरा आठवतो: बुधवारी दोनदा येऊन काही न घेता गेलेली ती बाई. आता शेजारची अर्ध्या लिटरची बरणी मोजा. सोमवारी १० होत्या, आवक नाही, बिलांत ९ गेल्या, म्हणजे १ हवी. रॅकवर ४ आहेत. इकडे तीन कमी, तिकडे तीन जास्त. दोन्ही बरण्यांचं लेबल सारखंच पिवळं, आणि घाईत असलेल्या बिलिंगवाल्याने काउंटरला चिकटवलेला अर्ध्या लिटरचाच बारकोड तीनदा मारलाय.