पाण्याच्या उलट दिशेने: खडकवासला ते पानशेत, सायकलवरून

पुण्यात सायकल चालवणाऱ्याची पहिली लांब फेरी बहुतेक वेळा खडकवासल्याचीच असते. स्वारगेटपासून धरण साधारण सोळा-सतरा किलोमीटर, रस्ता जवळजवळ सपाट, आणि शेवटी पाणी. त्यामुळे बरेच जण धरणापर्यंत जातात, चौपाटीवर कणीस खातात, फोटो काढतात आणि परततात. माझं म्हणणं आहे की खरी सहल तिथून पुढे सुरू होते. आपल्याला जो तलाव दिसतो तो चार धरणांमधला सगळ्यात लहान. खडकवासल्याची साठवण जेमतेम 1.97 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), टेमघरची 3.71, पानशेतची 10.65 आणि वरसगावची 12.82. पुण्याच्या नळाला येणारं पाणी मुख्यतः वरच्या खोऱ्यांत साठतं आणि खडकवासल्याच्या वाटेने शहरात उतरतं. ते येतं कुठून, हे बघायला सायकलइतकं योग्य वाहन नाही. गाडीतून खोऱ्याचा चढउतार कळत नाही, सायकलवर तो पायांना कळतो.

सिंहगड रस्त्याने निघायचं तर पहाटे साडेपाचच्या आत. राजाराम पूल, हिंगणे, वडगाव, धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी हा सगळा पट्टा आता सलग शहर झालाय. त्यात बघण्यासारखं फार नाही, उजाडायच्या आत मागे टाकावा. याच बाजूने मुठा नदीचा उजवा कालवा शहरात शिरतो आणि पर्वतीच्या पायथ्यावरून हडपसरकडे, पुढे दौंड-इंदापूरच्या शेतांकडे जातो. म्हणजे पाणी खाली चाललेलं असतं आणि आपण वर.

धरणाच्या भिंतीशी मी नेहमी थांबतो. हे काम 1869 मध्ये सुरू झालं. इंग्रज अधिकारी कर्नल फाइफ यांनी त्याची आखणी केली, म्हणून जुन्या कागदपत्रांत या जलाशयाला लेक फाइफ म्हटलंय. 1903 मध्ये अभियंते विश्वेश्वरय्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे प्रथम इथेच बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दरवाजे आपोआप उघडायचे आणि पूर ओसरला की मिटायचे. 12 जुलै 1961 ला मात्र कुठलाच दरवाजा पुरला नसता. वर पानशेतचं बांधकाम चालू असलेलं मातीचं धरण फुटलं, तो लोंढा इथे आला, हेही धरण तुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आदल्या रात्री जवानांनी पानशेतवर वाळूची पोती रचून धरण काही तास तगवलं. त्यामुळे लोंढा रात्री न येता दिवसाउजेडी आला आणि हजारो जीव वाचले. पुण्यातल्या जुन्या घरांत आजही वर्ष सांगताना ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ असं म्हणतात. भिंतीकडे बघताना मला ते आठवतंच.

चौपाटी सकाळी सातच्या आत गाठली तर सुंदर असते. पाण्यावर नदी सुरय पक्षी फेऱ्या मारत असतात, काठच्या दगडांवर धोबी पक्षी शेपटी हलवत फिरतात आणि पलीकडच्या तीरावर एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, हिरवी टेकाडं हळूहळू उजळतात. दहानंतर तीच जागा ओळखू येत नाही. कणसांची बुरखंडं, प्लास्टिकचे ग्लास, वेफर्सची पाकिटं सगळं काठावर, आणि पहिल्या जोरदार सरीबरोबर पाण्यात. हे पाणी आपण पितो. याचा मला मनापासून त्रास होतो. म्हणून सायकलच्या मागच्या पिशवीत एक रिकामी गोणी ठेवतो आणि निघताना जमेल तेवढं उचलतो. सोबतचेही उचलायला लागलेत.

गोऱ्हे ओलांडून डोणजे फाट्याशी रस्ता फुटतो. डावीकडे सिंहगड, सरळ पानशेत. रविवारी निम्म्याहून जास्त गाड्या डावीकडे वळतात आणि पुढचा रस्ता एकदम मोकळा होतो. खानापूर, मालखेड, वरदाडे, सोनापूर, रुळे. या गावांच्या अधूनमधून उजव्या हाताला पाणी डोकावतं. भातखाचरं थेट पाण्याच्या कडेपर्यंत उतरलेली असतात. चढ आहेत, पण छोटे. एक चढला की उतार लगेच दम परत देतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना समोरून. त्यामुळे जाताना वेगाचा हट्ट सोडावा, येताना तोच वारा पाठ देतो. हिवाळ्यात सकाळी खोऱ्यात धुकं तुंबून राहतं. मागे लाल दिवा हवाच, आणि अंगात उठून दिसेल असं जाकीट.

रुळ्याच्या अलीकडे एका टपरीवर मी हमखास चहा घेतो. मावशी चूल पेटवतानाच विचारतात, “पानशेतला का सांगरूणला?” एकदा उन्हाळ्यात मी पाणी आटलेल्या काठावर सायकल उतरवायला निघालो तर त्यांनी हाक मारली, “दादा, तिकडं नका जाऊ, वरनं वाळलंय, खाली गाळच हाय. आमची म्हैस रुतली हुती.” तेव्हापासून मे महिन्यात उघडं पडलेलं तळ कितीही भुलवणारं दिसलं तरी मी रस्त्यावरूनच बघतो. तुम्हीही तसंच करा. पोहण्याचा विचार तर मनातच आणू नका. वरून शांत दिसणाऱ्या या पाण्यात दरवर्षी माणसं बुडतात.

पानशेतला दोन जलाशय शेजारी शेजारी आहेत. आंबी नदीवरचं पानशेत, म्हणजे तानाजीसागर, आणि मोसेवरचं वरसगाव. वरसगावच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचं नाव दिलंय आणि ते अगदी योग्य आहे. शिवरायांच्या सुरुवातीच्या साथीदारांपैकी एक असलेले बाजी याच मोसे खोऱ्यातले. खोऱ्यातली कित्येक गावं धरणाखाली गेली, तिथली माणसं उठून दुसरीकडे वसली. त्या माणसांनी जागा सोडली म्हणून माझ्या घरात नळ उघडला की पाणी येतं. भिंतीजवळ उभं राहून दोन्हीकडे बघितलं की 10 आणि 12 टीएमसी हे आकडे वाचताना जे समजत नाही ते समजतं. पाणी डोंगरांच्या मागे वळून जातं आणि त्याचा शेवट दिसत नाही.

खडकवासल्याचा उत्तरेचा काठ मात्र मला जास्त आवडतो, आणि तो वेगळ्या दिवसासाठी राखून ठेवावा. वारजे, शिवणे, उत्तमनगर, कोंढवे धावडे या वाटेने एनडीएच्या बाजूला जायचं. प्रबोधिनीची पायाभरणी पंडित नेहरूंच्या हस्ते 6 ऑक्टोबर 1949 रोजी झाली, आणि तेव्हापासून हा सगळा टापू लष्कराच्या ताब्यात असल्याने इथली झाडी तगली. उपनगर एकीकडे भिंतीपर्यंत येऊन थांबलंय आणि पलीकडे जंगल. मोर तर रस्त्यात आडवे येतात. हद्दीजवळ कॅमेरा बंद ठेवावा, रस्ता सोडू नये, पहारेकऱ्यांनी विचारलं तर थांबून नीट उत्तर द्यावं, ओळखपत्र जवळ ठेवावं.

मग कुडजे, आगळंबे, मांडवी, बहुली, सांगरूण. रस्ता अरुंद, काही ठिकाणी उखडलेला, पण वाहनं तुरळक. समोरच्या तीरावर सिंहगड पूर्ण लांबीचा दिसतो, माथ्यावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्यासकट. दक्षिणेच्या रस्त्यावरून तो डोक्यावर उभा असल्यासारखा वाटतो, इथून त्याची अख्खी सोंड नजरेत येते. सांगरूणजवळ आंबी, मोसे आणि मुठा एकत्र येतात. म्हणजे पानशेतचं, वरसगावचं आणि टेमघरचं, तिन्ही धरणांचं पाणी इथे भेटतं आणि मग खडकवासल्यात उतरतं. पावसाळ्यात तिथे जाऊन बघा. खडकवासला भरून मुठेत विसर्ग सुरू झाला की शहरात नदीपात्रातला बुटका भिडे पूल पाण्याखाली जातो, ती बातमी आपण घरात बसून वाचतो. सांगरूणला उभं राहिलं की ती बातमी आदल्या दिवशीच दिसते.

तिथे एका पारावर बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी मला विचारलं होतं, “पाणी बघायला एवढं लांब आलास व्हय?” मी हो म्हटलं. “मग बरं केलंस,” म्हणाले, “पुण्याची माणसं पाणी पितात, पर बघाय कुणी येत न्हाय.”

सायकलीचं म्हणाल तर दोन्ही काठांना गिअरची साधी सायकल पुरते. उत्तरेच्या काठाला मात्र जरा रुंद टायर घ्या. जास्तीची ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान आणि दोन बाटल्या पाणी बरोबर हवंच, कारण बहुलीच्या पुढे सायकलचं दुकान शोधत बसावं लागेल. महिना सप्टेंबर सगळ्यात चांगला: धरणं भरलेली, भात पोटरीला आलेला, पाऊस विरळ. शक्य असेल तर रविवार टाळून आठवड्यातला एखादा दिवस काढा.

आणि पाय तयार झाले की खानापूरहून डावीकडे वळून रांजणे आणि पाबे घाट चढायला घ्या. दीर्घ, दमवणारा चढ आहे, पण माथ्यावर तोरणा आणि राजगड एकदम समोर येतात आणि उतरलं की वेल्हे. त्यासाठी अख्खा दिवस राखून ठेवावा आणि निघण्यापूर्वी ब्रेकचे पॅड तपासावेत, कारण पलीकडचा उतार चढाइतकाच सरळसोट आहे.