पान ३१ वर सोडले

मुख्याध्यापिका बाईंचा फोन मार्चमध्ये आला. शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द हवे होते. फोन ठेवता ठेवता त्यांनी दुसरंही काम सोपवलं. "सातवी-आठवीच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचायला दहा पुस्तकं निवडून द्या. तुम्ही लेखक, तुम्हाला काय अवघड?" चार शब्दांचं काही नाही, पण त्या दहा पुस्तकांनी माझा महिना खाल्ला.

पहिली यादी त्रेचाळीस पुस्तकांची झाली. छाटत छाटत दहावर आणली आणि बायकोला दाखवली. ती म्हणाली, "ही मुलांसाठी आहे की परीक्षक मंडळासाठी?" वर्मी लागलं. यादी वाचून मोठ्यांनी माझं कौतुक केलं असतं आणि पोरांनी त्यातलं एकही पुस्तक उघडलं नसतं.

तेव्हा आपले ग्रंथालयाचे सर आठवले. जिन्याखालची खोली, दोन लाकडी कपाटं, त्यातल्या एकाची किल्ली कायम हरवलेली. १ मे रोजी निकाल हातात पडला की प्रगतिपुस्तक काखेत मारून आम्ही सरांपुढे रांग लावायचो. सुट्टीसाठी दोन पुस्तकं मिळत. एक आपण मागायचं, दुसरं सर देणार. पुस्तक अर्ध्यात सोडलं तरी सर रागवत नसत. फक्त कितव्या पानावर सोडलं आणि का, ते चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवायचं. त्या चिठ्ठ्या ते बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात साठवत.

आठवीत मी ऐटीत 'ययाति' मागितली. खांडेकर आपल्या सांगलीत जन्मलेले, त्यात कादंबरीला ज्ञानपीठ. म्हटलं, घरी वजन वाढेल. सरांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि काही न बोलता नोंद केली. जूनमध्ये माझी चिठ्ठी गेली : 'पान ३१. राजा सारखा स्वतःबद्दलच बोलतो.' सर इतके हसले की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले. "कॉलेजात गेलास की परत ने," एवढंच म्हणाले. (नेली. तेव्हा रात्रीत संपवली.)

त्याच सुट्टीत सरांनी स्वतःहून दिलेलं दुसरं पुस्तक होतं 'बनगरवाडी'. पातळसं. मी नाक मुरडलं होतं. पण माझं आजोळ आटपाडीकडचं. तिथली उजाड माळरानं, मेंढरं, घोंगडी, पावसाची वाट बघणारी माणसं मी दर सुट्टीत बघत होतो, आणि ती पुस्तकात येऊ शकतात हे मला ठाऊकच नव्हतं. आजोळच्या ओट्यावर बसून दोन दुपारीत वाचलं. मी आटपाडीला जाणार हे सरांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. बहुधा कुणीच नाही; विचारायची त्यांची पद्धतच अशी होती की आपण सांगितलंय हे आपल्याला कळायचं नाही.

माझी अडचण इथेच आहे. सर एकेका पोराला ओळखून पुस्तक काढत. मी चारशे अनोळखी मुलांसाठी एक यादी करतोय.

म्हणून निदान एकावर तरी प्रयोग केला. विश्रामबागेत राहणाऱ्या भाचीच्या मुलाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दिला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "आजोबा, हा फुरसुंगीचा ना? ह्याच्याकडे मोबाईल का नाही?" मी म्हटलं, तेव्हा नव्हते. "मग बरोबर आहे, म्हणून इतक्या भानगडीत सापडतो." पुस्तक संपलं होतं.

तेव्हा यादी आता अशी. फास्टर फेणे आहे, 'बनगरवाडी' आहे. वाटेगावच्या अण्णा भाऊंची 'फकिरा' आठवीसाठी ठेवली आहे. आपल्याच जिल्ह्यातला माणूस, शाळेची पायरी जेमतेम चढलेला, आणि लिहिलं कसं ते मुलांनी बघावं. दोन विज्ञानाची, एक प्राण्यांचं, एक भुताखेतांचं. भुतांवरून बाई थोड्या नाराज आहेत. मी ठाम आहे.

'ययाति' काढली. बाईंच्या आग्रहाखातर नवव्या जागी माझा एक कथासंग्रह घातला आहे. नको नको म्हणालो, पण फार जोरात नाही.

सरांचा डबा २००५ च्या पुरात गेला, असं ऐकलं. यंदा शाळेने नवा ठेवायचं कबूल केलंय. पुस्तकागणिक एक कोरी चिठ्ठी जाईल. नवव्या पुस्तकातल्या चिठ्ठ्या तेवढ्या, बाई, जूनमध्ये न वाचता माझ्याकडे पाठवा.