तुम्ही विचारलंत म्हणून: एचडीएल कमी आलंय, वाढवू कसं?

लॅबमध्ये काम करते म्हटल्यावर ओळखीपाळखीचे लोक कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टचा फोटो पाठवतात (त्यात एचडीएल म्हणजे 'चांगलं' आणि एलडीएल म्हणजे 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल) आणि प्रश्न ठरलेले. एक तर "एचडीएल ३६ आलंय, वाढवायला काय करू?" नाहीतर बरोब्बर उलटं, "एचडीएल मस्त ७० आहे, मग एलडीएल जरा जास्त असलं तर चालतंय ना?" दोघांना माझं उत्तर एकच, हा आकडा नीट वाचा पण त्याच्या मागे लागू नका.

रिपोर्टवर पुरुषांना ४० च्या खाली आणि बायकांना ५० च्या खाली (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) कमी धरतात, त्यामुळे ४५ आलं तर नवऱ्याचं नॉर्मल आणि बायकोचं लो असं होऊ शकतं, लॅबची चूक नसते ती. एचडीएलला चांगलं म्हणतात कारण ते रक्तवाहिनीच्या भिंतीतलं जादाचं कोलेस्टेरॉल उचलून लिव्हरकडे नेतं. पण आम्ही मोजतो काय, तर एचडीएलच्या कणांमध्ये त्या क्षणी असलेलं कोलेस्टेरॉल. म्हणजे रस्त्यावर गाड्यांमध्ये माल किती भरलाय ते कळतं, दिवसभरात किती पोचवला ते नाही कळत.

आणि हा फरक फार महागात पडलाय. टॉरसेट्रापिब नावाचं औषध होतं, एचडीएल ७० टक्क्यांच्या वर वाढवायचं, सगळ्यांना वाटलं आता हार्ट अटॅकवर उपाय मिळाला, पण सुमारे १५ हजार लोकांवरची ट्रायल डिसेंबर २००६ मध्ये थांबवावी लागली कारण औषध घेणाऱ्यांमध्येच मृत्यू जास्त व्हायला लागले (त्या औषधाने बीपीही वाढायचं, तो भाग वेगळा). मग नायसिनचं (बी३ व्हिटॅमिन, मोठ्या डोसमध्ये औषध म्हणून) तेच, २०११ मध्ये ट्रायल बंद, एचडीएल वाढलं पण फायदा शून्य. २०१२ मध्ये तर ज्यांच्या जीन्समुळेच एचडीएल जन्मापासून जास्त असतं अशांचा अभ्यास आला, त्यांनाही अटॅक काही कमी येत नव्हते. त्यामुळे एचडीएल वाढवायची पावडर वगैरे कोणी विकत असेल तर पैसे वाचवा.

मग आकड्याचा उपयोग काय? खूप आहे, फक्त एकटा बघू नका. समजा दोघांचं टोटल कोलेस्टेरॉल २१० आहे. पहिल्याचं एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी एक चरबी) २२०. दुसरीचं ६८ आणि ९०. एलडीएल गणिताने काढलं (टोटल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग) तर १२८ आणि १२४, जवळजवळ सारखंच! पण टोटलमधून नुसतं एचडीएल वजा करा, १७२ आणि १४२. याला नॉन-एचडीएल म्हणतात, भिंतीत जाऊन बसणारं सगळं कोलेस्टेरॉल यात येतं, आणि मी रिपोर्ट हातात आला की आधी हेच बघते, छापलेलं नसलं तरी तोंडी होतं. पहिल्याच्या रिपोर्टमध्ये एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड १५० च्या वर अशी जोडी आहे, ही जोडी बऱ्याचदा इन्सुलिन रेझिस्टन्सची (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही त्याची) खूण असते, म्हणून शुगर, बीपी आणि कमरेचा घेर बघायला हवा. एचडीएल तिथे कारण नसतं, चुगली करणारं असतं.

सिगरेट सोडली, रोज चाललं, पोट कमी झालं की एचडीएल थोडं वर येतं, पण फायदा त्या चार-पाच पॉइंटमुळे नाही, बाकी सगळं सुधारतं म्हणून. दारूनेही वाढतं, पण ते कारण सांगून कोणी ग्लास भरू नका प्लीज. जिमवाल्यांनो, अॅनाबॉलिक स्टेरॉइड घेत असाल तर एचडीएल धाडकन खाली येतं, डॉक्टरांपासून लपवू नका.

आता ७० वाल्यांचं. एचडीएल जास्त म्हणून एलडीएल माफ होत नाही, एलडीएलचं जे ठरलंय ते करायचंच. आणि ९०-१०० च्या पुढे असेल तर फार खूश होऊ नका, मोठ्या अभ्यासांमध्ये अति जास्त एचडीएलवाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण पुन्हा वाढलेलं दिसलंय, कारण अजून पक्कं ठरलेलं नाही.

आणि हो, नुकताच मोठा ताप, इन्फेक्शन किंवा ऑपरेशन झालं असेल तर एचडीएल तात्पुरतं पडलेलं असतं. तो रिपोर्ट बाजूला ठेवा, पूर्ण बरे झाल्यावर काही आठवड्यांनी परत रक्त द्या आणि मग मला फोटो पाठवा, पूर्ण पानाचा, नुसत्या एचडीएलच्या ओळीचा नको.